अबोलीचा रंग

फोंड्याहून पणजीला जाताना
केळीच्या पानात बांधून नेला अबोलीचा वळेसर,
पिशवीत नाही, मांडीवर,
कदंबाच्या खिडकीशी.
कंडक्टरने विचारलं, देवाक?
म्हटलं, लॅपटॉपाक.
तो हसला आणि सुटे द्यायला विसरला.

दुकानातला आग्नेल, नम्र मुलगा,
ग्राफिक्स कार्ड, रॅम, रिफ्रेश रेट
मुंजीतल्या भटासारखं भरभर म्हणत होता.
थांब, म्हटलं.
पान उघडलं, फुलं पडद्याशेजारी धरली,
आणि पहाटे काढलेला त्याच वळेसराचा फोटो
एकेका यंत्रावर लावून पाहिला.
पहिल्यावर अबोली संत्र्याची झाली.
दुसऱ्यावर गुलाबी, लग्नातल्या सरबतासारखी.
तिसरा स्वस्त होता, तिथे ती आजारी दिसली.
मग आग्नेलने आतल्या कपाटातून चौथा आणला,
काळा, अंगापिंडाने दणकट,
चार्जर म्हणजे चिऱ्याचा तुकडाच.
त्यात अबोली होती.
अबोलीच.
माझी मांय माळते तसली, तो वाकून म्हणाला,
आणि किंमत तोंडाने न सांगता
कागदावर लिहिली.

पतपेढीत सही घेताना मॅनेजर म्हणाले,
एवढ्यात गाय येते.
दोन येतात, मी म्हटलं,
पण गायीवर नाटकाचं पोस्टर होत नाही.

आता तो शिलाई मशीनच्या मेजावर बसतो,
बुडाखाली लाकडी पट्ट्या, वारा खेळावा म्हणून,
पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या,
कारण इथे पावसाळ्यात
चपलांनासुद्धा बुरशी येते.
जत्रांचे दिवस आले की गावोगावची मंडळं फोन करतात.
राजाचं काम करणारा प्रत्येक जण
माझ्याकडे दहा किलो उतरतो,
खलनायकाला मात्र मिशी वाढवून हवी असते.
शालूच्या काठात, पडद्याच्या झालरीत
कुठेतरी एक बोट अबोली मी ठेवतेच.
फ्लेक्सवर ती दरवेळी विटकरी येते.
छापणारा म्हणतो, कोण बघतंय बाई?

रात्री अकरानंतर पंखे घोंघावू लागतात,
तेव्हा शेजारच्यांना कळतं, मी खेळायला बसले.
चाळिशीची बाई, तलवार, बर्फाचा मुलूख.
बर्फ मी कधी पाहिला नाही.
भाच्याने एकदा सहज नाव सांगितलं,
गोकुळमामा तिथे 'खाजेवाला' म्हणून असतो.

कुळागराच्या सहीवरून तीन वर्षं
गोकुळ माझ्याशी बोलला नव्हता.
तो दोहाला, मी इथे.
मध्ये आईचं वर्षश्राद्धही होऊन गेलं.
आईच्या त्या पोफळी कोणाच्या, हे अजून
मामलेदाराच्या फायलीत अडकलंय.

एका रात्री दरीच्या काठावर
माझ्या अंगावर लांडगे तुटून पडले
आणि कोणीतरी मागून येऊन दोन कापले.
डोक्यावर नाव: खाजेवाला.
औषधाची बाटली बर्फावर ठेवली,
थोडा वेळ उभा राहिला,
गेला.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी लाकडं आणली,
शेकोटी केली, आम्ही दोघं बसलो.
लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून
तो माझ्या फ्रॉकचा बंद मनगटाला बांधायचा.
ते मी टाइप केलं. पुसलं.

मग माझ्या ढालीवर मी काम काढलं.
नेहमीची पोस्टरं बाजूला ठेवून दोन रात्री
पाकळ्या, देठ, गुंफलेला दोरा,
आणि रंग,
पुन्हा केळीच्या पानावरची फुलं शेजारी धरून.

काल ती ढाल घेऊन गेले.
खाजेवाला माझ्याभोवती एकदा फिरला.
नेमकी तेव्हाच वीज गेली, राउटर विझला,
बॅटरीवर पडदा तेवढा उजळ,
आणि त्यावर गोठलेला तो,
एक पाय हवेत.
वीस मिनिटं. फोनवरूनही लावता आलं असतं,
लावलं नाही.

वीज आली तेव्हा तो तिथेच होता.
खाली, डाव्या कोपऱ्यात,
वीस मिनिटांपूर्वीची एक ओळ:
ही आईच्या न्हाणीमागची ना?